प्रतिवादी क्रमांक दोन

प्रिय भिंगरीस,

सगळ्यात आधी आला तो कोर्टाचा बेलीफ. तो बेलीफ आहे हे मला कुठलं कळायला? मला वाटलं, चावी हरवलेलं गिऱ्हाईक. सायकल भिंतीला टेकवली, घाम पुसला आणि माझं पूर्ण नाव घेऊन विचारलं, तुम्हीच का? इतक्या वर्षांत माझं पूर्ण नाव कुणी घेतलं नव्हतं गं, मलाच क्षणभर आठवावं लागलं की ही बाई कोण. मी म्हटलं, बाबा, दुकान बंद आहे, दोन भावांचं वाजलंय, थोरल्याने शटरला कुलूप ठोकलंय, दुसरीकडे जा. तर म्हणतो, आजी, मी त्याचाच कागद घेऊन आलोय.

कागद मी उन्हात धरून वाचला. जोडाक्षर आलं की मी थांबते हे तुला माहीतच आहे, त्यामुळे तो बिचारा बराच वेळ उभा होता. वर तुझ्या बापाचं नाव, पुढे 'वादी'. खाली तुझ्या थोरल्या काकांचं नाव, पुढे 'प्रतिवादी क्रमांक एक'. आणि त्याखाली मी. प्रतिवादी क्रमांक दोन! पोटच्या पोराने आईवर दावा लावला. मी तिथेच पायरीवर बसले. मग उठले, आत गेले, आणि पिशवी भरायला घेतली. कपडे, डोळ्यात घालायचे थेंब, माझी ती बसकी उशी, कारण दुसऱ्या उशीवर माझी मान धरते. बाहेर येऊन म्हटलं, चला, कुठल्या तुरुंगात न्यायचंय? तो इतका हसला की सायकल पडली. म्हणाला, आजी, हे समन्स आहे, वॉरंट नाही. समन्स म्हणजे नुसतं बोलावणं, या तारखेला या आणि आपलं म्हणणं मांडा. हा दावा दिवाणी आहे, दुकानाच्या वाटपाचा. इथे कुणी कुणाला उचलून नेत नाही. सही करा म्हणजे कागद मिळाला असं मला लिहिता येईल. मी सही केली आणि त्याला चहा दिला. चहा पिता पिता मी त्याला तुझ्या आजोबांपासून सगळी कहाणी सांगायला लागले, तर कप ठेवून घाईने उठला आणि म्हणाला, आजी, जे काय सांगायचं ते आता कोर्टातच सांगा.

हे त्याचं वाक्य ध्यानात ठेव. सगळा घोळ तिथून झाला.

त्याची सायकल वळणावर जाते न जाते तोच माझी मोठी नणंद. समोरच्या गच्चीतून तिने सगळं पाहिलं होतं. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची. आल्या आल्या दबक्या आवाजात, जप्ती आली का गं? आणि माझ्या कपाटावरून हात फिरवला. म्हणाली, हे माझ्याकडे नेऊन ठेवते, तुझंच समज. वीस वर्षं डोळा आहे तिचा त्या कपाटावर. एरवी मी तिला चांगली सुनावली असती, पण कोर्टाचा हुकूम ना, तोंड उघडायचं नाही! मी गप्प. मग तीच म्हणाली, तुला काही ठाऊकच नाही वाटतं, तुझा धाकटा चोर ठरलाय, तुझ्या थोरल्याने पोलिसात फिर्याद दिलीय, कुलूप तोडून मशीन चोरलं म्हणून, जामिनावर आहे तो. भिंगरे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला कुणीच सांगितलं नव्हतं. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवलं. आणि आता कळलं तर माझ्या तोंडाला कुलूप. मी बोलत नाही हे बघून नणंदेला वाटलं, हिची वाचा गेली. तिने डॉक्टर पाठवला. त्याने मला जीभ बाहेर काढायला लावली.

तेव्हापासून मी घरात पिंजऱ्यातल्यासारखी फिरतेय. दूध गॅसवर ठेवायचं आणि विसरायचं. खिडकीशी जायचं, परत यायचं. हे पत्रसुद्धा तीन बैठकांत लिहितेय. म्हणजे बैठका कसल्या, निम्मं ओट्याशी उभ्याने लिहिलंय. आणि त्याच दिवसांत तुझा फोन आला. तू घाईत होतीस. ते तू जे म्हणालीस ना, त्यावर मी हूं का चूं केलं नाही, आणि तुला वाटलं आजीला पटलं. पटलं नव्हतं. त्याच्यावर येतेच मी.

तिसरी आली ती टायपिस्टबाई. कोपऱ्यावरच्या घरातली, जन्मभर कोर्टात टाइप करून आता घरी बसलेली. अजून बोलताना तिची बोटं मांडीवर नाचतात. तिला मी खुणेनेच सांगितलं की मला बोलायची बंदी आहे. तिने कपाळाला हात लावला. अहो, म्हणाली, समन्स बोलावतं, तोंड शिवत नाही! घरात खरं बोलायला कुठल्या कोर्टाने कधी मनाई केलीय? मग काय, मी सुटले. आधी रडले, मग बोलले, मग दोन्ही एकदम.

तिने मला सगळे शब्द नीट समजावले, आणि मी तुला सांगते, कारण आपल्या घरातलं निम्मं भांडण या शब्दांनीच पेटवलंय. दिवाणी म्हणजे हक्काचं भांडण, कुणाचं किती. दावा लावतो तो वादी, ज्याच्यावर लागतो तो प्रतिवादी. फौजदारी म्हणजे गुन्ह्याचं. तक्रार देतो तो फिर्यादी, ज्याच्यावर ठपका येतो तो आरोपी, आणि तिथे खटला सरकार चालवतं. आता बघ, तुझा बाप एका कोर्टात वादी आणि दुसऱ्यात आरोपी. तुझे काका एकात प्रतिवादी, दुसऱ्यात फिर्यादी. एका ताटात जेवलेली दोन पोरं, कोर्टात चार झाली! माझा धीर कुठे आला ऐक. मी विचारलं, मी काय वाकडं केलं म्हणून माझ्यावर दावा? ती म्हणाली, प्रतिवादी म्हणजे वाईट माणूस नव्हे. वाटपाच्या दाव्यात ज्यांचा ज्यांचा हिस्सा, त्या सगळ्यांची नावं घालावीच लागतात, नाहीतर दावा लंगडा पडतो. मुलाने तुमचं नाव घातलंय म्हणजे तुमचाही हिस्सा आहे असं तो कोर्टाला सांगतोय. अगं, म्हणजे तो मला विसरला नाही! मी तो कागद परत वाचला आणि घडी करून उशीखाली ठेवला. आता मी नणंदेलाही ऐटीत सांगते, मी क्रमांक दोन.

तसंच आरोपीचं. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, ज्याच्यावर आरोप आहे तो. सिद्ध होईपर्यंत त्याला चोर म्हणायचा कुणालाही हक्क नाही. थोरली सून म्हणे शेजारीपाजारी बोलून बसली होती की जामीन घ्यावा लागला म्हणजे केलंच असणार. नणंदेचं उलटं, जामिनावर सुटला म्हणजे निर्दोष सुटला. दोघीही चूक. जामीन म्हणजे बोलावल्या तारखेला येईन असा शब्द, बाकी काही नाही. आणि शटरचं आपलं जुनं कुलूप पोलिसांकडे आहे ना, त्याला मुद्देमाल म्हणतात. पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवलंय म्हणे. तिथे त्याला तेल कोण घालणार?

तुझ्या आजोबांनी ते स्वतःच्या हाताने केलेलं, प्रत्येक खाच कानशीने घासून. त्यांचा नेमच होता, आपण उघडलेलं कुलूप तेल दिल्याशिवाय बंद करायचं नाही, मग ते आपलं असो की गिऱ्हाइकाचं. दोन्ही पोरांच्या हाडात मुरलंय ते. म्हणूनच तर त्या दुपारचं मी विसरू शकत नाही. थोरला परगावी गेलेला. तुझा बाप आला, मागच्या दाराने नाही, भर रस्त्यातून, हाक मारत. आई, चावी कापायचं मशीन नेतो गं, गिऱ्हाइकं खोळंबलीत, दादाला सांगशील ना? मी म्हटलं, ने की, तुझ्या बापाचंच आहे. त्याने दोन तारा घातल्या आणि माझ्याशी बोलता बोलता कुलूप उघडलं. मी शटर धरलं, त्याने मशीन रिक्षात ठेवलं. आणि मग धापा टाकत परत आला, म्हणाला, कुपी दे. कुलपात तेलाचे थेंब सोडले, फडक्याने पुसलं, लावलं, ओढून बघितलं. दादावर इतका राग, त्याच्याशी बोलणं बंद, आणि त्याच्या कुलपाला तेल! सांग, असा चोर जगात आहे का? दुसऱ्या दिवशी सकाळी माझं ऑपरेशन, दुपारी थोरला परतला, मशीन दिसलं नाही, आणि तो तडक पोलीस चौकीत.

टायपिस्टबाईने विचारलं, हे तुम्ही स्वतः पाहिलंत? मी म्हटलं, शटर कुणी धरलं होतं मग? ती म्हणाली, चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने नेणं. भर दिवसा, आईला विचारून, दादाला सांग म्हणून निरोप ठेवून नेली, त्यात अप्रामाणिक काय? निकाल कोर्ट देईल, पण तुमची साक्ष मोलाची आहे. लोक म्हणतात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी कुठे शहाणी? मी चढणार.

लगेच थोरल्याला बोलावलं. आज तो आणि थोरली सून येऊन गेली, टायपिस्टबाईही होती. मी सगळं सांगितलं. तुझ्या काकांनी आपली बोटं अंगठ्यावर चोळून बघितली. मग म्हणाले, आई, कुलूप हातात घेतलं तेव्हा बोटाला तेल लागलं होतं माझ्या. तेव्हाच कळायला हवं होतं. थोरलीने पदराने, म्हणजे माझ्याच पदराने, डोळे पुसले. टायपिस्टबाई म्हणाली, फिर्याद मनात आलं म्हणून परत घेता येत नाही, पण कोर्टाची परवानगी मागून आपसात मिटवता येतं, आणि दिवाणीतही तडजोड होते. थोरला उठला, दाराशी गेला, आणि तिथे अडला. म्हणाला, पण धाकट्याचा वकील तर म्हणतो की त्या दिवशी तो इथे नव्हताच, मुलीकडे होता, मुलगी तशी साक्ष देणार आहे. मग आई, खरं कोण, तू की ती?

भिंगरे, म्हणून हे पत्र. फोनवर तू हेच म्हणालीस ना, मी सांगेन बाबा माझ्याकडे होते. तुझा बाप गप्प का बसला, मला ठाऊक आहे. म्हाताऱ्या आईला कोर्टात उभं करायचं नाही म्हणून. तू त्याला वाचवतेस, तो मला वाचवतोय, सगळे मिळून माझा डोळा वाचवतायत, आणि त्यात खरं काय ते बुडतंय. तू शपथेवर तसं बोललीस की शपथेवर खोटं बोलण्याचा वेगळा गुन्हा, आणि तो तुझ्या माथी. त्याच कोर्टात मी शटर धरल्याचं सांगणार, म्हणजे आजी विरुद्ध नात. उलटतपासणीत वकील तुला विचारेल, त्या दिवशी बाबांनी काय खाल्लं, कधी निघाले, आणि तू अडकशील. अजून तू शपथेवर काही बोललेली नाहीस. अजून काहीही बिघडलेलं नाही. वकिलाला आजच कळव की मी असं सांगणार नाही. आणि बापाला सांग, तुझी आई धडधाकट आहे, जिना चढते, साक्षीच्या पिंजऱ्यातही चढेल. त्याला फक्त इथे यायला सांग. तूही ये. मी थोरल्याला म्हटलंय, माझी नात खोटं बोलणारी नाही, बघच तू. आता माझा शब्द तुझ्या हातात आहे, आणि मला एका जागी बसवत नाही. कुपी भरून खिडकीत ठेवलीय. थोरला आणि थोरली रविवारी परत येतो म्हणालेत.

तुझीच आजी,
प्रतिवादी क्रमांक दोन