विमानात साखरेची दोन पोती

२८ ऑगस्ट, गुरुवार

पर्युषण पर्व लागलं. आर्यिका माताजींनी मंदिरात सांगितलं, दहा दिवस रोज आपले दोष वहीत लिहा, कुणाला दाखवू नका. मी पाचवी शिकलेली. तरी लिहिणार. लेकीची, अनूची जुनी फिजिक्सची वही घेतली, मागची पानं कोरी हाईत.

नियम पण घेतला. दहा दिवस टीव्ही न्हाय, मोबाईल न्हाय, कसलाच स्क्रीन न्हाय. 'कसलाच' हे मी आपलं वरनं घातलं, कारण शेजारी जयाबाई उभ्या होत्या आणि त्यांनी नुसता टीव्ही सोडलेला.

आजचे दोष: न्हाईत.

२९ ऑगस्ट, शुक्रवार, दुपारी ३

दोष म्हणावा का ते ठरत न्हाय.

अनूच्या खोलीत ते विमानाचं हाय. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला विमानाचं स्टेअरिंग, खाली पायाला पॅडल. दोन शिटांचं बारकं विमान. पोरगी म्हणते हा खेळ न्हाय, खऱ्या विमानासारखंच चालतंय. ऊन जास्त असलं की चढायला कुथतंय, वजन जास्त झालं की उठत न्हाय. तिला पायलट व्हायचं हाय. तिचे आप्पा, आमचे मालक, म्हणाले, तोंडानं सांगू नको, वखारीत मी काट्यावर विश्वास ठेवतो. पाच तारखेला माझ्यासमोर उडव. पुस्तकात मिनिटाला पाचशे फूट चढतंय लिहिलंय ना, तेवढं चढव, तिथंच पायलटच्या फॉर्मवर सही करतो. दहा तारखेपर्यंत फॉर्म जायला पाहिजे.

अनू क्लासला गेलती. मला तिनंच मे महिन्यात शिकवलंय. पाच मिनिटं बसले. विमान म्हणजे स्क्रीन न्हाय. स्क्रीनवर विमान दिसतंय एवढंच.

सांबऱ्याच्या विमानतळावरनं निघाले. माहेर बोरगाव, अर्ध्या तासात येतंय. आधी वजन भरायचं पान येतंय. माझं ६५ घातलं. माहेरला रिकाम्या हातानं कसं जायचं? शेजारच्या शिटावर साखरेची दोन पोती, १००. मागच्या पेटीत गुळाच्या ढेपा, ४०. टाकी फुल्ल. दूधगंगा दिसली तेव्हा डोळ्यात पाणी आलं. उतरता येत न्हाय, म्हणून बंद केलं. पोचले असं धरलं.

३० ऑगस्ट, शनिवार

अनू तोंड पाडून बसली. म्हणाली, आई, विमान चढंना गं. काल-परवापर्यंत बरोबर चढत होतं. म्हटलं उन्हानं असंल. म्हणाली, उन्हाचं धरूनच पाचशे हाय. म्हटलं मग तू एकाशन करतीस, दिवसातनं एकदाच जेवतीस, हातात जोर न्हाय. लाडू करते म्हटलं तर नको म्हणाली.

३१ ऑगस्ट, रविवार

परत एकदा बसले. पण आज स्वतःसाठी न्हाय, पोरीचं विमान का चढंना ते तपासायला. बोरगावपर्यंत तपासलं. मला तर काही वाईट दिसलं न्हाय. जरा सुस्त हाय, पण आमची एसटी तरी कुठं पळतीय.

१ सप्टेंबर, सोमवार

तपासलं. दोनदा.

२ सप्टेंबर, मंगळवार

भाकरी थापता थापता एकदम डोक्यात आलं. पोती!

माझी पोती उतरवायची राहिलीत. गूळ पण. चार दिवस माझी पोरगी माझ्या माहेरची साखर घेऊन उडतीय. वजनाचं पान ती एकदाच भरून ठेवते, रोज उघडत न्हाय. घरात दुसरं कोण हात लावतंय?

ठरवलं, ती आली की सांगायचं. सरळ. मी काय घाबरणारी बाई न्हाय. तेवढ्यात जयाबाई आल्या. म्हणाल्या, राजमतीवैनी, सगळ्या बायका तुमचंच बोलायल्यात, 'कसलाच' म्हणणारी तुम्ही एकटीच. माझा मोबाईल सुटंना बघा. मी म्हटलं, मन घट्ट लागतंय.

आता सांगायचं कसं? अनू तोंडाची फटकळ, माझ्यावरच गेलीय. मालकांना सांगणार, मालक वखारीत सांगणार. त्यापेक्षा गुपचूप नीट केलेलं बरं. आधी कुठला आकडा होता ते काही मी बघितलं नव्हतं. म्हणून टाकीत थोडं तेल ठेवून बाकी सगळीकडं शून्य घातलं. शून्यानं कुणाचं वाईट होत न्हाय.

३ सप्टेंबर, बुधवार

झालं. आज विमान पतंगासारखं वर गेलं. मला वाटलं पोरगी खूश होईल. ती रडकुंडीला आली. काल दगड, आज पतंग. म्हणजे माझाच हात धड न्हाय, आई. आप्पा बघतील तर म्हणतील खेळणं हाय, एवढं कुठलं विमान चढतंय?

बोलले असते. पण तोंडात वरणभात होता.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज डोकं चालवून काम केलं. अनूला सहज विचारलं, तुझं वजन किती गं? म्हणाली ५४. दुपारी तिच्या शिटावर ५४ घातलं. इथं थांबले असते तर चाललं असतं. पण मला अर्धवट काम जमत न्हाय. उद्या मालक तिच्या शेजारीच खुर्ची टाकून बसणार. मग त्यांचं वजन धरायला नको? शेजारच्या शिटावर १०८. आकडा पण शुभ. आणि मालक पिशवी, छत्री, डबा घेतल्याशिवाय दाराबाहेर पडत न्हाईत, म्हणून मागं ४०. टाकी फुल्ल, अर्ध्या टाकीवर गाडी काढली की त्यांचा जीव खालवर होतो.

आता सगळं खऱ्यासारखं झालं. हलकं वाटलं. उद्या काम फत्ते झालं की सांगायची गरजच न्हाय.

५ सप्टेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

लिहायला हात होईना.

मालक पाचला आले. खुर्ची टाकली, चष्मा लावला, पुस्तक मांडीवर, मोबाईलवर घड्याळ लावलं. म्हणाले, हं, काढ गाडी. विमान पळत सुटलं. पळतंय, पळतंय. मालक म्हणाले, गोव्यापर्यंत रस्त्यानंच न्हेतीस काय? कसंतरी उठलं. काटा दोनशेच्या वर जाईना. शेपूट खाली, नाक वर. अनू दात खाऊन धरून बसलेली. दोनशे. दीडशे. मग विमान पडायला लागलं की वाजते ती शिट्टी वाजली आणि सांबऱ्याच्या पलीकडं उसात पडलं.

मालक ओरडले न्हाईत. ओरडले असते तर बरं. घड्याळ बंद केलं, म्हणाले, काटा बोलला. बी.कॉम. कर. फॉर्म तसाच टेबलावर, सही न्हाय.

अनू म्हणाली, व्हय आप्पा.

मी दारात उभी. माझ्या पोरीनं अशी मान खाली घातलेली मी कधी बघितली न्हाय. तोंड उघडलं, आणि म्हटलं काय, तर चहा घेणार काय?

६ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी

नियम संपला. मंदिरात नाव पुकारलं. दहा दिवस संपूर्ण स्क्रीन त्याग, सौ. राजमती बाहुबली. टाळ्या. माताजींच्या समोर हातात श्रीफळ दिलं. घ्यायचं नव्हतं, पण मागनं जयाबाईनं ढकललं.

बायकांत अनू पण होती. टाळ्या वाजवत होती. माझ्याकडं बघून वाजवत होती. नारळ एवढा जड मी कधी धरला न्हाय.

७ सप्टेंबर, रविवार

आज नक्की सांगायचं. पण पाहुणे आले. मग वाटलं, उद्या क्षमावणीच हाय, सगळेच एकमेकांची क्षमा मागतात, त्यात होऊन जाईल. एक दिवसानं काय फरक पडतोय.

अनूनं विमानावर जुनी साडी झाकली. माझीच.

८ सप्टेंबर, सोमवार, क्षमावणी

सकाळपासनं हात जोडून जोडून बोटं दुखली. जयाबाईची मागितली, जावेची मागितली, जिच्याशी बोलत न्हाय त्या नणंदेला पण फोन केला. शेवटी अनूच्या खोलीत गेले. हात जोडले, म्हटलं, कळत-नकळत काही चुकलं असंल तर क्षमा कर बाई.

अनू म्हणाली, कळत का नकळत, आई?

मी म्हटलं, म्हणायची पद्धत हाय.

तिनं साडी काढली, कॉम्प्युटर लावला. त्यात म्हणे प्रत्येक उड्डाणाची नोंद राहते. २९ तारीख, दुपारी दोन दहा, बोरगावकडं. ३१, बोरगावकडं. १ तारखेला दोनदा. मग वजनाचं पान. म्हणाली, एकशेआठ कोण गं? म्हटलं आप्पा. शेजारी बसणार होते म्हणून. ती हसली न्हाय. मला वाटलं हसंल.

शुक्रवारीच कळलं होतं तिला. म्हटलं मग आप्पांना का न्हाय सांगितलं? म्हणाली, दुसऱ्या दिवशी तुला श्रीफळ मिळणार होतं. आणि मला वाटलं तू सांगशील. रोज वाट बघितली.

मग मला बसवंना. चप्पल न घालता वखारीत गेले. हमाल महादेव पोती रचत होता, त्याच्यादेखत मालकांना सगळं सांगितलं. साखर, गूळ, शून्य, एकशेआठ, नियम, नारळ. मालकांनी ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, पहिल्या दिवशी तुझं वजन किती घातलंस? म्हटलं ६५. म्हणाले, चढ काट्यावर.

८३.

महादेवनं तोंड फिरवलं. मालक म्हणाले, एवढ्या वर्षांत वखारीत कुणी मला अठरा किलोचा काटा मारला न्हाय.

संध्याकाळी परत खुर्ची टाकून बसले, पण आधी स्वतः वजनाचं पान बघितलं. ५४, शून्य, शून्य. टाकी अनू म्हणाली तेवढीच. काटा पाचशेच्या वर गेला. मालकांनी मिनिटभर बघितलं, पेन काढलं, सही केली. अनूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मला क्षमा कर पोरी, खोटं वजन धरून निकाल दिला. एका वाक्यात मागितली. मला अकरा दिवस लागले.

११ सप्टेंबर, गुरुवार

फॉर्म काल गेला.

आज नारळ परत द्यायला मंदिरात निघाले. माताजींना सगळं सांगायचं ठरवलं. पायरीवर जयाबाई भेटल्या. म्हणाल्या, बरं झालं आलात, रविवारी महिला मंडळात तुमचं भाषण ठेवलंय. स्क्रीन कसा सोडला. पाच मिनिटं.

न्हाय म्हणायला तोंड उघडलं. तोंडातनं बरं आलं.

घरी आले. नारळ पिशवीतच. अनूला म्हटलं, भाषण लिहून दे, तुला चांगलं येतंय. ती उठली, पिठाच्या डब्यामागनं ही वही काढली आणि माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, तयारच हाय की, हेच वाच.

वही पिठाच्या डब्यामागं असते हे फक्त मला माहीत होतं.