शेजारचा जीन गप्प का होता

सर, तुम्ही जाऊन कितीतरी उन्हाळे झाले, तरी उद्याच्या बैठकीआधी वाद घालायला मला तुम्हीच हवे आहात. नवे विभागप्रमुख म्हणतात, हा विषय सोडा, नाहीतर प्रयोगाच्या उंदरांचा खर्च बंद. मी सोडणार नाही.

तो मे महिना आठवतो? सदरच्या बर्फ कारखान्यातून पोत्यात बर्फ यायचा, भुशासकट, आणि आपण पहाटेच कामाला लागायचो. ऊन चढलं की मनगटावरचा घाम नळीत पडायचा आणि आरएनए मातीमोल व्हायचा. माझा थेंब पडला तेव्हा तुम्ही रागावला नाहीत, उन्हात डोक्याला बांधायच्या आपल्या धुतलेल्या दुपट्ट्याची पट्टी फाडून मनगटाला बांधायला दिलीत. पण पेशीच्या केंद्रकातून बाहेरच न येणारा, ज्याचं प्रथिन होत नाही असा आरएनए मी जपून ठेवायला लागले, तेव्हा भडकलात. "कचरा हाय तो. त्याच्यामागं काहून लागली वं? फेकून दे." मी मान डोलावली आणि तो फ्रीजमध्ये मागे सरकवला.

आता ऐका. उंदराच्या निरोगी यकृतात हा कचरा असतो आणि त्याच्या लगतचा जीन गप्प बसलेला असतो. कॅन्सरच्या गाठीत कचरा नाहीसा होतो आणि तो शेजारी बेफाम सुटतो. पुन्हा पुन्हा पाहिलं, तेच दिसतं. एवढ्यावरून हाच त्याला आवरतो असं म्हणता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून तर गाठीतल्या पेशींत तो परत घालून बघायचा आहे, आणि उद्याचं भांडण त्यासाठीच आहे.

निवृत्तीनंतरही तुम्ही रोज येऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचात. कागदोपत्री तुमचं काम काहीच नव्हतं. पण तुम्ही होतात तोवर शेजारच्या खोलीतून कुणी आवाज चढवला नाही, कुणी कुणाचं सामान पळवलं नाही. आता त्याच खोलीतले विभागप्रमुख दार न वाजवता येतात आणि माझ्या फ्रीजवर हक्क सांगतात. ज्याला तुम्ही कचरा म्हणालात त्याचं काम काय असेल, हे मला तुमच्याकडे बघूनच सुचलं, सर. तुमच्या तोंडावर हे सांगायला मिळालं नाही, याचा फार राग येतो.

हे पत्र खणातच राहील. एवढंच सांगते की परवा शिपाई ती खुर्ची भंगारात न्यायला आला होता. कोणी बसत नाही तर काहून ठेवली, म्हणाला. "राहू दे गा," मी म्हटलं, "कामाची हाय." तो गेल्यावर मीच तिच्यात बसले आणि शेजारची खोली गप्प होते का ते ऐकत राहिले. अजून तरी नाही झाली.