लॉनीचं पिस्तूल

९ जानेवारी
पाच विरुद्ध शून्य! गावच्या कौन्सिलनं ठराव केला – पोलिसांकडे जमा झालेली हत्यारं कापून वितळवायची. म्हणजे माझ्या पोराचं, लॉनीचं पिस्तूलही. बर्ल लॉनीच्या वर्गातला, आता पोलीसप्रमुख. मतदान होताच म्हणाला, "झालं बघा, मर्नाकाकू!" आज झोप लागेल.

२३ जानेवारी
सगळ्यावर पाणी पडलं. राज्याच्या राजधानीहून पत्र आलंय. बंदुकांचे नियम करायचा अधिकार फक्त केंटकी राज्याचा, गावाचा नाही. जमा हत्यारं लिलावातच जायची. ठराव मागे घ्या, नाहीतर खटला.

"माझे हात बांधलेत, काकू," बर्ल म्हणाला.

"अरे, माझ्या पोरानं जीव दिला त्यानं! आता ते दुसऱ्या कुणाच्या पोराला विकणार?"

त्यानं ते पत्र माझ्यापुढे सरकवलं.

चूक माझीच. मीच सही करून ते ठाण्यात दिलं. घरीच हातोडा घातला असता, तर कुत्रंही विचारायला आलं नसतं.

३० जानेवारी
ठराव मागे. पाच विरुद्ध शून्य.

८ फेब्रुवारी
लॉनी गेल्यावर चर्चच्या बायकांनी जेवणं आणली होती. सहा भांडी अजून माझ्याकडेच, बुडाला नावं चिकटवलेली. मुद्दामच परत करत नाही. न्यायला तरी कुणी येईल! घेवडा शिजवला की चार दिवस पुरतो. फार एकटं वाटतं.

१९ फेब्रुवारी
लिलावात बोली फक्त परवानेवाले बंदूक-दुकानदारच लावू शकतात. म्हणून रॉयसच्या बंदुकांच्या दुकानात गेले. ठरावाविरुद्ध सभेत सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडला होता!

"अगं, शिकारीला निघालेल्या माणसानं दर दहा मैलांवर नव्या गावाचा कायदा विचारत बसायचं का? माझं मत तेच आहे, मर्ना." मग कॉफी ओतली. "पण ते मी घेतो. तुझ्यासमोर कापतो. माझ्या मालाचं मी वाट्टेल ते करीन."

रडू आलं मला. तिथेच, दुकानात.

६ मार्च
मिळालं त्याला! शनिवारी कटर घेऊन येतोय. घर झाडलं, मक्याचा पाव भाजला. किती दिवसांनी कुणी येणार!

८ मार्च
रॉयसनं कटर सुरू केला आणि मी ओरडले – थांब! मुठीचं लाकूड लॉनीच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालंय. त्याचा हात शेवटचा तिथेच लागलाय. घरात एकही गोळी नाही, मग कापायचं कशाला? रॉयसला परत पाठवलं. पिस्तूल माझ्या मांडीवर आहे.