चार ते सव्वाचार छत्री धरण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय
(सार्वजनिक जागा विभागामार्फत)

विषय: घर क्र. ४१ लगतच्या सार्वजनिक बाकामागे रोज दुपारी चार ते सव्वाचार छत्री उघडून उभे राहण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा सावलीबाबतचा पहिला अर्ज. २) आपला ठराव क्र. ११८. ३) छत्री मिटवण्याबाबत आलेली नोटीस.

महोदय,

सविनय निवेदन की, याच परवानगीसाठी केलेल्या मागच्या अर्जात ‘मी, माझे, मला’ असे लिहिल्यामुळे तो ‘वैयक्तिक स्वरूपाचा’ असा शेरा घेऊन परत आला. सबब या खेपेस सर्वत्र ‘अर्जदार’ असेच लिहिले आहे. अर्जदार म्हणजे घर क्र. ४१ मध्ये राहणारा, छत्र्या दुरुस्त करून पोट भरणारा इसम. घरात पत्नी आणि वृद्ध वडील. वडील गवंडी होते. त्यांची नजर गेली असून आता ऊन कुठे आणि सावली कुठे, एवढेच त्यांना कळते.

१. घराला लागून, चार पावलांवर, आपला बाक आहे. जेवण झाले की वडील त्यावर जाऊन बसत. दुपारभर तेथे ऊन असे, पण चारच्या सुमारास घराच्या बाहेरच्या भिंतीची सावली बाकापर्यंत येई. ही भिंत वडिलांनी स्वतः बांधलेली. गुडघ्यांना गारवा लागला की ते “चार वाजले” म्हणून उठत आणि भिंतीवर हात ठेवून दारापर्यंत येत. त्यांना घड्याळ लागत नसे, काठी लागत नसे आणि माणूसही लागत नसे. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

२. मागील वर्षी नगरपरिषदेने उष्णता निवारण आराखडा जाहीर करून नागरिकांच्या सूचना मागवल्या. चारपर्यंतचे ऊन वडिलांना सोसवत नसल्याने अर्जदाराने अर्ज केला. पत्नीचे म्हणणे होते, “बाकावर छप्पर घाला, एवढंच लिहा.” परंतु सरकारदरबारी जायचे म्हणजे भाषा जरा भारदस्त हवी, असे अर्जदारास वाटले. त्याने लिहिले, ‘घर क्र. ४१ लगतच्या बाकावर सावली पाडणेबाबत कार्यवाही व्हावी.’ हेच ते वाक्य. तेव्हापासून अर्जदार त्यातला ‘पाडणे’ हा शब्द टाळतो. या अर्जात जेथे तो टाळता आला नाही, तेथे अवतरणचिन्हे घातली आहेत.

३. ठराव एकमताने मंजूर झाला, त्याबद्दल अर्जदार आजही आभारी आहे. मात्र ठराव बांधकाम विभागाच्या नोंदवहीत उतरवून घेताना, रकाना अरुंद असल्याने, ‘घर क्र. ४१ – पाडणे’ एवढाच मजकूर त्यात मावला. सावली रकान्याबाहेर राहिली.

४. काम सुरू झाले त्या आठवड्यात वडील अर्जदाराच्या बहिणीकडे होते. कामगार आले तेव्हा अर्जदाराने त्यांना चहा दिला, कारण ते छप्पर घालायला आले आहेत अशी त्याची समजूत होती. घण काढलेले पाहून त्याने पहिल्या अर्जाची प्रत आणून दाखवली. कामावरच्या साहेबांनी ती वाचली आणि शांतपणे म्हणाले, “पाडणे तुम्हीच लिहिलंय ना? मग काय पाडायचं ते जागेवर दिसतंच आहे.” बाहेरची भिंत दुपारपर्यंत उतरली. भिंतच नाही म्हटल्यावर पत्रे हवेत राहीनात, म्हणून तेही काढून नेले. जाताना साहेबांनी ‘काम समाधानकारकरीत्या पार पाडले’ या कागदावर अर्जदाराची सही घेतली. ती त्याने का दिली, हे पत्नी अजून विचारते. समोर पेन धरल्यावर त्याने सही केली.

५. त्यानंतर अर्जदार आपल्या कार्यालयात किती वेळा आला ते आवक खिडकीवरील बाईंना ठाऊक आहे. त्या भल्या आहेत, बसायला खुर्ची देतात. त्यांनी वही उघडून दाखवले की सावलीचे काम पूर्ण झाल्याची नोंद असून एकाच बाकावर दुसऱ्यांदा सावली मंजूर होत नाही. भिंत परत मागावी तर ती ठरावानुसार गेलेली, आणि ठराव अर्जदाराच्याच अर्जावरून झालेला. आपल्याच हाताने पायावर धोंडा ‘पाडून’ घेतला म्हणतात तो असा. अर्जदाराने आता भिंतीची मागणी सोडली आहे.

६. अडचण निराळीच आहे. भिंत गेल्याचे वडिलांना सांगण्याचे धाडस घरात कोणालाही झालेले नाही. बाहेरच्या खोलीत रंगकाम चालू आहे, अशी थाप मारून पत्नी त्यांना मागच्या दाराने नेते-आणते. परंतु आता मागच्या खोल्यांची सावली बाकापर्यंत पोहोचते ती सहा वाजता. पहिल्या दिवशी वडील चारला उठले नाहीत, पाचलाही नाहीत. पत्नी बोलवायला गेली तर म्हणाले, “अजून चार वाजायचेत.” घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा भाजून निघाला होता आणि दिवस असा लांबला कसा, हेच ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

दुसऱ्या दिवसापासून अर्जदार एक मोठी छत्री घेऊन बरोबर चारला बाकामागे जाऊन उभा राहतो. ही फळविक्याची, दुरुस्तीला आलेली आणि न्यायची राहिलेली. आवाज न करता तो ती उघडतो आणि सावली आधी वडिलांच्या खांद्यावर, मग सावकाश गुडघ्यांवर आणतो, कारण भिंतीची सावली एकदम येत नसे. वडील “चार वाजले” म्हणतात आणि उठतात. एवढेच काम आहे. यावर आपल्या निरीक्षकांनी ‘सार्वजनिक जागेत विनापरवाना तात्पुरते छत’ अशी नोटीस दिली असून छत्री जप्त करण्याचा इशारा दिला आहे.

७. हा अर्ज अर्धा लिहून झाला असता काल घडलेली गोष्ट नमूद करणे भाग आहे. नेहमीप्रमाणे गुडघ्यांवर सावली आली, पण वडील उठले नाहीत. मग मान न वळवता हळूच म्हणाले, “आता खाली घे. भिंतीचे हात दुखत असतील.”

अर्जदाराने छत्री मिटली. वडिलांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला आणि तो अर्जदाराच्या खांद्यावर ठेवून ते घरी आले. त्यांना किती कळले आहे आणि केव्हापासून, हे विचारण्याची अर्जदाराची छाती होत नाही. तरीही परवानगी हवीच आहे. आज जेवण झाल्यावर ते बाकावर जाऊन बसले आहेत, आणि चार वाजायला थोडाच वेळ उरला आहे.

तरी मेहेरबान साहेबांनी पंधरा मिनिटांपुरता विचार करावा, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, छत्री दुरुस्ती
घर क्र. ४१, उरलेला भाग

दिनांक: ९ मे, दुपारी ३.४०

सोबत:
१) पहिल्या अर्जाची प्रत (‘सावली’ शब्दाखाली पत्नीने रेघ मारली आहे)
२) ठराव क्र. ११८ ची प्रत
३) नोटीस
४) छत्री जोडलेली नाही. ती कामात आहे.