रेडिएटरमधलं नारळाचं पाणी

अप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या त्या जुन्या पिकअपचा विषय निघाला की माझं तोंड कडू होतं. गाडीवर तुमची भक्ती दांडगी, काळजी मात्र काडीची नाही. दर अमावास्येला तिच्यापुढे नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू चिरडायचं आणि बॉनेट उघडून नारळाचं पाणी थेट रेडिएटरमध्ये ओतायचं. तीर्थ म्हणे. एरवी त्यात आपल्या आडाचं पाणी, इतकं खारट की त्यात डाळ शिजत नसे. आई डाळीपुरतं गोडं पाणी लांबच्या नळावरून आणायची. डाळीला जे चालत नव्हतं ते इंजिनाला चालतं, हे तुमचं शास्त्र. होटगी रस्त्यावरच्या मिस्त्रीनं दोनदा बजावलं होतं, जुनं पाणी काढून टाका, आतला गंज धुऊन घ्या, रबरी पाइप बदला. तुम्ही त्याला हसलात. पुढे इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा लाल खुणेकडे झुकू लागला, तेव्हा त्या काचेवर तुम्ही सिद्धेश्वराचं चित्र चिकटवलंत. काटा दिसेनासा झाला, तुमच्या लेखी दुखणं संपलं.

मोहोळच्या शाळेत माझी मुलाखत होती, अकरा वाजता, एकाच जागेसाठी. तुम्ही आधीच सांगून टाकलं होतं की नोकरी लागली तर लग्न दोन वर्षं थांबेल, नाही लागली तर तुमच्या दोस्ताच्या पुतण्याला होकार जाईल. मे महिन्याचं ऊन, आपण निघतो. मोहोळच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ येऊ लागते. मी म्हणते, अप्पा, थांबवा. तुम्ही म्हणता, "दम लागलाय तिला. चढ हाय की पुढं." चढ कसला, सपाट रस्ता. शेवटी गाडी स्वतःच थांबली. तुम्ही शेतातल्या विहिरीवरून बादली आणलीत आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलंत. आत काहीतरी कडकन वाजलं. मग तुम्ही काय केलंत? उदबत्ती लावलीत. भर रस्त्यात, घामानं निथळत, मेलेल्या गाडीला ओवाळत उभे होतात, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं की हा माणूस निव्वळ मूर्ख आहे. ते मत मी आजवर बदललेलं नाही.

मी कडब्याच्या बैलगाडीतून आणि मग चालत शाळेत पोचले तेव्हा दीड वाजला होता. जागा भरली होती. हेडमास्तरांनी पाणी विचारलं, तेवढंच. पुढे मिस्त्रीनं इंजिन उघडलं. आत लाल गाळ थापला होता आणि हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या लोखंडी झाकणाला, बोटभर चीर गेली होती. तो तुमच्याशी बोललाच नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, पाण्यानं मेलं हे. निस्त्या पाण्यानं." तुम्ही गल्लीभर सांगत फिरलात की गाडीला दृष्ट लागली. दिवाळीनंतर माझं लग्न झालं. माणूस वाईट नव्हता, पण मी पुन्हा कधी मुलाखतीला गेले नाही.

हे सगळं तुमच्या तोंडावर बोलायचं राहिलं, म्हणून लिहिलं. कागद घडी घालून साड्यांखाली ठेवीन, तिथं कुणी हात घालत नाही. पण तुम्हाला मूर्ख म्हटल्यावर एक गोष्ट लपवणं बरं नाही. त्या दिवशी सकाळी मी गाडीखाली तांबडी ओल पाहिली होती. पाइपातून थेंब थेंब पाणी गळत होतं. ते काय आहे हे मला कळत होतं, मिस्त्रीनं पाइप बदला म्हणून बजावलं तेव्हा मी तिथंच उभी होते. सांगितलं असतं तर तुम्ही मला एस्टीनं जा म्हणाला असतात, आणि मी वेळेत पोचले असते. पण मला त्या शाळेच्या फाटकाशी गाडीतून उतरायचं होतं, अप्पा. चार माणसांनी बघावं असं वाटत होतं. मी साडीचा काठ उचलला, ती ओल ओलांडली आणि तुमच्या शेजारी जाऊन बसले.