शिंप्याने घेतलेलं नाव

४ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

नव्या कामात रुळले. रोज एक गोळी घेतली तर एचआयव्हीची लागण टळते. तरी लोक ती मध्येच का सोडतात, हे आम्ही विचारतो. खोली लहान, पंखा कुरकुरणारा, खिडकीला अर्ध्यापर्यंत कागद चिकटवलेला. खरं नाव कोणी सांगायचं नाही. हवं ते नाव घ्यायचं आणि आम्ही त्याच नावाने हाक मारायची. त्यामुळे बाहेरच्या बाकावर दोन राजे, एक वाघ आणि एक मोठे साहेब रांगेत बसलेले असतात! काल पांढऱ्या केसांच्या एका शिंप्याने टुकल्या असं नाव घेतलं. मला हसू आवरेना. तो मात्र हसला नाही. पुन्हा एकदा हाक मारा, म्हणाला.

अप्पांच्या गुडघ्यांना तेल लावतेस ना, की बापलेक नुसते भांडताय?

माझ्या बडबडीला कंटाळलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
छकुली


९ जून

चि. छकुलीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचताना इस्त्री कापडावरच राहिली. अप्पांचा सदरा जळाला.

तू पाळण्यात असताना तुझा मामा गेला, एवढंच तुला ठाऊक आहे. टुकल्या तोच. तान्हेपणी टुकुटुकु बघायचा म्हणून अप्पांनीच ठेवलेलं नाव. घराबाहेर ते कोणालाच माहीत नव्हतं. तू लिहितेस तोच आजार त्याला झाला. तेव्हा असली गोळी नव्हती. अप्पा रागाच्या भरात नको ते बोलले आणि तो निघून गेला. पुढे तो गेल्याची नुसती तार आली. त्यानंतर अप्पांनी ते नाव घरात काढू दिलं नाही. पण मागच्या खोलीत अजून कोणी झोपत नाही. तिच्यावरून जाताना अप्पा पावलं हळू टाकतात, जणू आत कोणी निजलंय. भर दुपारी मलाही कधी तिथून खोकला ऐकू येतो.

त्या शिंप्याला विचार, शेवटी त्याच्याजवळ कोणी होतं का. मला बाकी काही नको.

वाट पाहणारी,
आई


१७ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

खोटं नाव लिहिलं तर कोणाचं काय बिघडतं, असं समजून मी ते लिहून बसले. चूक माझी. ज्यांना घराची दारं बंद झाली ते आमच्या भरवशावर येतात. इथलं बोलणं घरोघर जातं असं कळलं, तर उद्या बाक रिकामा आणि गोळ्या कपाटात. म्हणून मी त्याला विचारणार नाही. तू रुसलीस तरी.

कामावरच्या आमच्या वरिष्ठ बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. आता त्याच्याशी दुसरीच मुलगी बोलते. तुमचं नाव कोणीतरी ओळखलंय, हवं तर दुसरं घ्या, असं बाईंनी त्याला सांगितलं. कोणी, ते सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. नाव बदलणार नाही, म्हणाला. त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं म्हणूनच तर घेतलं. मग ओळखणाऱ्यासाठी त्याने आपणहून निरोप दिला, आणि पोचवायला सांगितला. तो एकटा गेला नाही, याचं डोकं त्याच्या मांडीवर— नीट लिहिते: मामाचं डोकं शिंप्याच्या मांडीवर होतं. तापात मामा अप्पांना हाका मारायचा, तेव्हा अप्पांच्या वतीने शिंपीच ओ द्यायचा.

रागावलीस तरी चार ओळी पाठव.

तुझी,
छकुली


२५ जून

चि. छकुलीस,
अ. आ.

रुसले होते. तुला लिहिलेली दोन पत्रं फाडली. मग शिंप्याने घेतलेल्या नावासकट तो निरोप अप्पांना वाचून दाखवला. ते उठले, मागच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. माझा जीव टांगणीला. संध्याकाळी बाहेर आले, चहा मागितला, फिका झालाय म्हणून कुरकुर केली. मग विचारलं, कोण तो माणूस. मी म्हटलं, नाव सांगायचं नाही असा तिथला नियम आहे. मग त्याला म्हणायचं तरी काय, असं खेकसले. त्यांचं त्यांना समजलं.

कपातला चहा निवून गेला. मग मला म्हणाले, पोरीला लिही, टुकल्या गोळी चुकवत नाही ना, तेवढं विचार म्हणावं.

तुला आता विचारता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तुझी,
आई