उजव्या हाताचं चौथं बोट

महाड,
१४ जानेवारी २०२५

चि. इरावतीस,
बाबांचे अनेक शुभाशीर्वाद.

काल सुखरूप पोचलो. गाडी माणगावात तासभर अडकली, पण खिडकीची जागा होती. अंबूबाई स्वयंपाक आटोपून घरी न जाता जेवण झाकून वाट बघत बसल्या होत्या. माझ्यापायी त्यांची गावाकडे, कापड्याला, जाणारी शेवटची गाडी चुकली. त्यावरून मला बोलणी बसली असावीत, नीट कळलं नाही. तुझी आई गेल्यापासून घरात ओरडायचा मान त्यांचाच. कानातलं यंत्र आता नुसत्या शिट्ट्या मारतं, तेव्हा फोन करू नकोस, पत्रच लिही.

एक विचारायचं होतं. चार दिवस तू माझ्यासमोर पियानोचा सराव केलास. लोक ऐकतात, मी बघत होतो. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यामुळे माझी नजर हातावर जाते. तुझ्या उजव्या हाताचं चौथं बोट, करंगळीशेजारचं, मधूनच तळव्यात वळतं. मग तू थांबतेस आणि पाणी पितेस. चार दिवसांत तू फार पाणी प्यायलीस. काय झालंय?

तुझे,
बाबा

मुंबई,
२१ जानेवारी

ती. बाबांस,
इरावतीचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही पाहुणे म्हणून आला होतात की परीक्षक म्हणून? थंडीनं बोट आखडतं, बाकी काही नाही. अंबूबाईंनी तुमच्याबरोबर पाठवलेले तिळाचे लाडू मात्र संपले, हे त्यांना जरूर सांगा.

ध्वनिमुद्रण दहा फेब्रुवारीपासून तीन दिवस आहे. चोवीस प्रेल्यूड वाजवायची आहेत. प्रेल्यूड म्हणजे काय, असं तुम्ही निघताना विचारलंत आणि टॅक्सी आली. ती छोटी रचना असते, थोडी आलापासारखी, फक्त तिच्यामागून बंदिश येत नाही. कुठली मिनिटभरात आटोपते, कुठली पाच मिनिटं चालते. सीडी काढणाऱ्या कंपनीच्या सुहास केतकरांनी यासाठी माझी दोन वर्षं वाट पाहिली आहे. नीट झालं तर पुढचे कार्यक्रम मिळतील.

काळजी करू नका. आणि अंबूबाईंना बोटाचं काही बोलू नका.

आपली,
इरावती

महाड,
२८ जानेवारी

चि. इरावतीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. नुसती थंडी असती तर अंबूबाईंपासून लपवायचं काही कारण नव्हतं. त्यांच्यापासून तू आजवर दोनच गोष्टी लपवल्यास, हॉस्टेलमधला टायफॉइड आणि घटस्फोट.

मी रागावलेलो नाही. तुला कधी सांगितलं नाही ते आज लिहितो. माझे कान जायला लागले तेव्हा मीही दोन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. पाचाडला शाळेची सहल नेली होती. उतारावर मुरारी मोरे नावाच्या मुलाचा पाय दगडांत अडकला आणि तो मागून मला हाका मारत राहिला. मी पुढे चालत राहिलो. स्वतःच ओढून काढताना त्याचा पाय मोडला, चार महिने प्लास्टरमध्ये होता. सरांचं लक्ष नव्हतं असं सगळे म्हणाले, आणि मी ते तसंच चालू दिलं. मुख्याध्यापकांना खरं सांगायला मला आणखी महिना लागला.

तुझ्या बोटानं कुणाचा पाय मोडणार नाही. पण हट्टानं तू हात कायमचा घालवून बसशील अशी भीती वाटते. अन्न गोड लागत नाही. डॉक्टरकडे जा, आणि केतकरांना सांग.

तुझे,
बाबा

मुंबई,
१५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

थंडी नव्हती. दिवाळीपासून हे चाललंय. डॉक्टरकडे डिसेंबरातच जाऊन आले होते, तुम्ही इथे होतात तेव्हा रिपोर्ट कपाटात होते. हाडं, शिरा सगळं ठीक आहे. मेंदूच बोटाला चुकीचा हुकूम देतो म्हणाले. चहाचा कप धरताना ते शहाण्यासारखं वागतं, पियानोवर ठेवलं की वळतं. वाजवणं थांबवा, बरं होईलच असं सांगता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला वाटलं, फेब्रुवारी निभेल.

दोन दिवस निभलं. जमेल तिथे दुसऱ्या बोटांवर काम नेलं. तिसऱ्या दिवशी पाच उरली, पाचही जलद. पहिलं सुरू केलं आणि हाताची मूठच वळली. मी म्हटलं, दमले. सुहास म्हणाले, चार-चार सुरांचे तुकडे द्या, मी जोडतो, कुणाला कळणार नाही. मी हो म्हटलं. दुपारी त्यांनी जोडलेलं ऐकवलं. बाबा, ते सुंदर होतं. आणि तसं माझ्या हातून एकदाही वाजलं नव्हतं.

तिथेच त्यांना सगळं सांगितलं आणि ते पुसायला लावलं.  सुहास म्हणाले, जाहिरात चोवीसची झाली आहे, एकोणीस मी वरिष्ठांच्या गळी कशी उतरवू? महिन्याभरात कळवणार आहेत. नाही म्हणाले तर पुढे काय, मला काही दिसत नाही.

अंबूबाईंना तुम्हीच सांगा. मला धीर होत नाही.

आपली,
इरावती

महाड,
४ मे

चि. इरावतीस,
अनेक आशीर्वाद.

सीडी मिळाली. वर 'एकोणीस प्रेल्यूड' छापलंय आणि आत एकोणीसच का, तेही तुझ्या शब्दांत. केतकरांना माझा नमस्कार सांग. वरिष्ठांशी ते बरेच भांडले असणार.

शाळेतून प्लेअर मागून आणला. अंबूबाईंनी ऐकायचं, प्रत्येक प्रेल्यूड संपलं की माझ्या कानाशी ओरडून सांगायचं आणि मी वहीत लिहायचं, असं ठरलं. सगळ्या आळीला कळलं असेल. पहिल्याला म्हणाल्या, पाटाला पाणी सोडल्यावानी हाय. चौथ्याला, कोन तरी रुसून बसलाय. सातवं लगेच संपलं तर माझ्यावरच खेकसल्या, की तुमी बंद केलात काय?

तेराव्यानंतर थांबवायला लावलं. हात दुखत असताना पोरीनं वाजवलं काय वो हे, असं विचारलं. दुखत नाही, बोट ऐकत नाही, असं मी सांगितलं. फेब्रुवारीतही हेच सांगितलं होतं, तेव्हा त्यांना पटलं नव्हतं. मग पदर तोंडाला लावून बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, लावा पुढचं. शेवटपर्यंत ऐकलं.

वहीची पानं सोबत आहेत. मी त्यातला एक सूरही ऐकला नाही, पण पानं रोज वाचतो.

डॉक्टरांनी सांगितलेल्या बोटाच्या व्यायामानं अजून फरक नाही असं सीडीसोबत लिहिलंस. रात्री त्याचाच विचार येतो, खोटं कशाला लिहू? अंबूबाईंचा निरोप त्यांच्याच शब्दांत देतो. तिला हिकडं बोलवा, वाजवायला नको, नुसती येऊ दे.

उत्तर लिहीत बसू नकोस. गाडीत बस.

तुझे,
बाबा